जुळलेल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

२०२२च्या अखेरीस ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात एक गुणोत्तर छापून आले: ३.५१. सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या अणूतून निघणाऱ्या दोन क्ष-किरण रेषांपैकी एक दुसरीपेक्षा किती बलवान, याचे हे उत्तर. गणित करणारे बऱ्याच वर्षांपासून साडेतीनच्या आसपासचाच आकडा सांगत होते. प्रयोगशाळा आणि दुर्बिणी मात्र तीनच्या आगेमागे अडून बसल्या होत्या. चाळीस वर्षांहून अधिक चाललेल्या या वादात संशयाची सुई बहुतेक वेळ गणिताकडे होती. दोष निघाला मोजमापात.

यावरून ‘गणित खरे, प्रयोग खोटा’ असा निकाल लावावासा वाटेल. पण अणूंच्या ऊर्जापातळ्या आणि प्रकाश-उत्सर्जनाचे दर यांच्या गणिताचा गेल्या शंभरेक वर्षांचा हिशेब मांडला, तर इतका सरळ निकाल लागत नाही. कधी गणित चुकले, कधी मोजमाप. कधी दोन स्वतंत्र गणिते एकमेकांशी उत्तम जुळली आणि तरीही शंका उरली. या सगळ्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: दोन आकडे जुळले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. आकड्याची पत ठरते ती त्याच्यासोबत सांगितलेल्या अनिश्चिततेवर, आणि ती अनिश्चितता कशी काढली यावर.

एका रेषेचे दोन आकडे

अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर आला की प्रकाशाचा एक फोटॉन बाहेर पडतो. दोन पातळ्यांतले अंतर त्या प्रकाशाची तरंगलांबी ठरवते. हा पहिला आकडा. असे संक्रमण सेकंदाला किती वेळा घडण्याचा संभव आहे, हा दुसरा. त्याला उत्सर्जनाचा दर म्हणू. हायड्रोजनमध्ये दुसऱ्या कवचातला इलेक्ट्रॉन पहिल्या कवचात उतरतो, त्या प्रसिद्ध अतिनील रेषेचा दर सेकंदाला सुमारे ६३ कोटी आहे. म्हणजे तो इलेक्ट्रॉन वर सरासरी १.६ नॅनोसेकंद टिकतो. उलट दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची हिरवी रेषा ज्या पातळीवरून निघते, तिथे आयन एकटा असेल तर सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ थांबून राहतो.

रेषा कुणाची, हे पहिल्या आकड्यावरून कळते. ते मूलद्रव्य किती आहे, वायू किती तापलेला आणि किती दाट आहे, हे कळायला दुसरा आकडा लागतो. ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणून तपासता येत नाही. त्याच्या प्रकाशातल्या रेषा हाच पुरावा. आणि या रेषांपैकी फार थोड्यांचे दर कुणी प्रत्यक्ष मोजलेले आहेत. एकेका आयनाच्या हजारो पातळ्या, त्यांच्यातली लाखो संक्रमणे, यांच्यासाठी संगणकावरच्या गणितावरच विसंबावे लागते. त्या गणितात वीस टक्क्यांची चूक असेल तर ताऱ्यातल्या लोखंडाच्या हिशेबातही तेवढी चूक शिरते, आणि ती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

नसलेली दोन मूलद्रव्ये

पहिल्या आकड्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती तुलनेने यशाची आहे. तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो.

१८६४ साली विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि त्यात पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नसलेली हिरवी रेषा दिसली. १८६९च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलातही अशीच एक अनोळखी हिरवी रेषा सापडली. ओळख पटेना म्हणून दोन नवी मूलद्रव्ये कल्पिली गेली: नेब्युलियम आणि कोरोनियम. तेजोमेघांची रेषा मॅग्नेशियमची असावी, असा नॉर्मन लॉकियर यांचा आग्रह होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या वेधशाळेतून कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. मॅग्नेशियमची असती तर ती एका बाजूला पसरट, विरत जाणारी दिसायला हवी होती. त्यांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. १८९१ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले.

२२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा पश्चिम भारतातून गेला. लॉकियर विजयदुर्गाला होते. सोलापूरकडच्या जेऊरला नायगमवालांची तुकडी होती, तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेलही आले होते. तोवर प्रभामंडलाची हिरवी रेषा ५३१७ अँगस्ट्रॉमवर आहे असे समजले जात होते. या ग्रहणातल्या छायाचित्रांवरून ती ५३०३वर असल्याचे स्पष्ट झाले. चौदा अँगस्ट्रॉमची ही चूक राहिली असती, तर पुढे कुणालाही ती रेषा कशाशीच जुळवता आली नसती.

आणि पुढे ती जुळली. १९२७ साली कॅलिफोर्नियात आयरा बोवेन यांनी दाखवले की नेब्युलियम म्हणजे साधा ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेतल्या वायूत आयनांच्या धडका इतक्या वारंवार होतात की अर्धा मिनिट शांत बसून प्रकाश सोडायला कुणाला सवड मिळत नाही. तेजोमेघाच्या विरळ वायूत ती मिळते. १९३९ साली जर्मनीत वॉल्टर ग्रोट्रियन यांनी प्रभामंडलाच्या काही रेषांचा संबंध नऊ-दहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाशी जोडला. स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी पुढच्या तीन-चार वर्षांत इतर रेषांचा उलगडा केला. ५३०३ची रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली. इतके इलेक्ट्रॉन निघून जायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आतला आणि त्याच्या वरचे विरळ प्रभामंडल दहा लाखांचे, हे कोडे तिथून सुरू झाले. ‘आदित्य-एल१’वरचा प्रभामंडल-दर्शक आजही याच ५३०३च्या रेषेवर वर्णपट घेतो.

या यशात क्वांटम गणिताचा वाटा मर्यादित होता. बोवेन आणि एडलेन यांनी पातळ्या पहिल्या तत्त्वांवरून काढल्या नव्हत्या. विद्युत-ठिणग्यांतून मिळालेल्या अतिनील वर्णपटांवरून पातळ्या ठरवायच्या, त्यांची वजाबाकी करायची, आणि सारख्या इलेक्ट्रॉनसंख्येच्या आयनांच्या मालिकेत पुढचा आकडा कुठे पडेल हे पाहायचे, अशी ती रीत होती. अचूकता मोजमापातून आली होती.

एक टक्का फार मोठा असतो

निव्वळ गणिताने काय साधते, याची पहिली कसोटी हेलियमवर लागली. १९२९ साली एगिल हिलेरास यांनी दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर थेट गणितात घेतले आणि मर्सिडीज-युक्लिड बनावटीच्या गणकयंत्रावर हेलियमची ऊर्जा प्रयोगाच्या अगदी जवळ आणून ठेवली. पण ती रीत दोन इलेक्ट्रॉनांपुरती. सव्वीस इलेक्ट्रॉनांच्या लोखंडाला ती झेपण्यासारखी नव्हती.

जास्त इलेक्ट्रॉनांसाठी वाट काढली केंब्रिजच्या डग्लस हार्ट्री यांनी, १९२८ साली. प्रत्येक इलेक्ट्रॉनाला बाकीच्यांचे सरासरी क्षेत्र जाणवते असे धरायचे, त्यावरून सगळ्यांची तरंगफलने काढायची, त्यावरून पुन्हा क्षेत्र, आणि दोन्ही स्थिरावेपर्यंत हेच चक्र. निवृत्तीनंतर त्यांचे वडील विल्यम हार्ट्री ही आकडेमोड करायला बसत, आणि कितीतरी अणूंची कोष्टके या बापलेकांच्या नावावर आहेत. १९३० साली व्लादिमीर फॉक यांनी या पद्धतीला इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीची जोड दिली.

या पद्धतीने हेलियमची ऊर्जा सुमारे दीड टक्क्याने चुकते. कानाला हा आकडा लहान वाटतो. पण हेलियमच्या एकूण ऊर्जेचा दीड टक्का म्हणजे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि ५३०३च्या हिरव्या रेषेच्या एका फोटॉनची ऊर्जा अवघी २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. इलेक्ट्रॉन केवळ सरासरी क्षेत्र पाहत नाहीत, एकमेकांना प्रत्यक्ष चुकवत फिरतात. सरासरीत हरवलेला तो भाग परत मिळवणे हेच पुढच्या सगळ्या दशकांचे काम झाले. हार्ट्री यांच्या विद्यार्थिनी शार्लट फ्रोझ फिशर यांनी केंब्रिजच्या एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावर काम करत १९५७ साली डॉक्टरेट मिळवली, आणि अनेक इलेक्ट्रॉन-संरूपणांचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या निरनिराळ्या मांडण्यांचे, मिश्रण करून अणूचे चित्र सुधारत नेणारी पद्धत आयुष्यभर घडवली. कॅल्शियमला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटू शकतो, हे त्यांच्या गणिताने आणि प्रयोगाने १९८७च्या सुमारास बरोबरच दाखवले. त्याआधी ते अशक्य मानले जात होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

ऊर्जा सुधारते, दर मागे राहतो

इथे या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट येते. एखाद्या आयनाच्या पातळ्या गणिताने प्रयोगाशी अर्ध्या टक्क्यात जुळवल्या, तर दरही तितकेच चांगले असतील असे वाटते. तसे नसते.

वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी थोडी इकडे-तिकडे सरकली तरी तिची उंची जवळजवळ बदलत नाही. ऊर्जेचे तसेच आहे: खरे तरंगफलन त्या तळाशी असते, त्यामुळे आपल्या तरंगफलनात लहानशी चूक असेल तर ऊर्जेत तिचा वर्ग उतरतो. शंभरात एक चूक, तर ऊर्जेत दहा हजारांत एकच्या घरात. उत्सर्जनाच्या दराला असे संरक्षण नाही. तो दोन पातळ्यांच्या तरंगफलनांच्या गुणाकारावर अवलंबून असतो आणि चूक त्यात जशीच्या तशी उतरते. त्यात धन आणि ऋण भाग एकमेकांना खोडून काढत असले, तर उरणाऱ्या लहानशा आकड्यात चूकच मोठी होऊन बसते. ज्या दुबळ्या रेषांना शेजारच्या बलवान रेषेकडून थोडे बळ उसने मिळते, त्यांच्यात हा धोका जास्त.

दराची एक अंतर्गत तपासणी आहे. तोच दर इलेक्ट्रॉनाच्या स्थानावरून काढता येतो आणि वेगावरूनही; तरंगफलन अचूक असेल तर दोन्ही उत्तरे एकच येतात. कित्येक दशके शोधनिबंधांत ही दोन उत्तरे शेजारीशेजारी छापण्याची पद्धत आहे. ती दूर असतील तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की. पण ती जवळ असली म्हणून निश्चिंत होता येत नाही. इलेक्ट्रॉन एखाद्या ठोकळ, ठरीव क्षेत्रात फिरतो असे मानले, तर ते क्षेत्र कितीही चुकीचे असले तरी दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. जुळणीवर भिस्त ठेवणाऱ्याने हे एक उदाहरण कायम लक्षात ठेवावे.

सूर्यातले लोखंड दहापट झाले

प्रयोगातून आलेल्या दरांचा इतिहासही काही सरळ नाही. १९६२ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधून चार्ल्स कॉर्लिस आणि विल्यम बोझमन यांनी सत्तर मूलद्रव्यांच्या पंचवीस हजार रेषांच्या दरांचा ग्रंथ काढला. तांब्याच्या विद्युत-ज्योतीत मोजलेले हे आकडे खगोलशास्त्रज्ञांना वरदानच वाटले. पण त्या काळात सूर्याचा एक हिशेब लागत नव्हता. दृश्य पृष्ठभागावरच्या रेषांवरून निघणारे लोखंडाचे प्रमाण प्रभामंडलातल्या आयनांवरून निघणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे दहावा हिस्सा भरत होते. प्रभामंडलात लोखंड साचत असावे, अशी स्पष्टीकरणे सुरू झाली.

१९६९च्या सुमारास जर्मनीतल्या कील विद्यापीठात नियंत्रित विद्युत-ज्योतीत लोखंडाच्या अणूचे दर नव्याने मोजले गेले. जुने दर, विशेषतः दुबळ्या रेषांचे, फार मोठे धरले गेले होते. ते दुरुस्त करताच सूर्याच्या पृष्ठभागावरचे लोखंड एका झटक्यात सुमारे दहापट झाले, आणि प्रभामंडलाशी त्याचे भांडण मिटले. सूर्यात काहीच बदलले नव्हते. बदलला होता कोष्टकातला एक स्तंभ.

नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधूनच १९६६ साली वाइस, स्मिथ आणि ग्लेनन यांनी हायड्रोजनपासून निऑनपर्यंतच्या दरांचा संग्रह काढला होता, आणि त्यात प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षर छापले होते. ‘ए’ म्हणजे चूक तीन टक्क्यांच्या आत, ‘बी’ म्हणजे दहा, ‘सी’ पंचवीस, ‘डी’ पन्नास, आणि ‘ई’ म्हणजे त्याहूनही जास्त. संस्थेचे नाव आता निस्ट झाले, संग्रह संगणकावर गेला, श्रेण्या वाढल्या, पण ती अक्षरे टिकली. या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सवय म्हणून मी त्या अक्षरांकडे बोट दाखवेन. एखाद्या रेषेपुढे ‘डी’ छापणे म्हणजे ‘हा आकडा वापरा, पण त्यावर इमारत बांधू नका’ असे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगणे.

गणित खरोखर चुकले तेव्हा

१९८२ साली नॉर्मन सायमन यांनी एक वेगळीच तक्रार मांडली. एकाच वेळी दोन आवर्तनांत धडधडणाऱ्या सेफिड ताऱ्यांच्या आवर्तनकाळांचे गुणोत्तर ताऱ्यांच्या प्रतिमानांशी जुळत नव्हते. जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता, म्हणजे प्रकाश अडवण्याची क्षमता, दोन-तीन पटींनी वाढवली तर ते जुळते, म्हणून या मूलद्रव्यांचे गणित पुन्हा तपासा, असे त्यांचे आवाहन होते. अणुशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतले. लिव्हरमोर प्रयोगशाळेत रॉजर्स आणि इग्लेसियस यांनी ‘ओपल’ हा संगणकीय प्रकल्प उभा केला. लंडनमध्ये माइक सीटन यांनी १९८४ साली अनेक देशांतल्या गटांना घेऊन ‘ओपॅसिटी प्रोजेक्ट’ सुरू केला.

दोष खरोखरच गणितात सापडला. दोन-तीन लाख अंशांच्या आसपास लोखंडाच्या आयनांत बाहेरच्या कवचातल्या कवचातच होणारी असंख्य संक्रमणे जुन्या हिशेबात जवळजवळ वगळली गेली होती. ती धरल्यावर तिथली अपारदर्शकता सुमारे तिप्पट झाली आणि सेफिड जुळले. एकेका रेषेचा दर बिनचूक असूनही हजारो रेषा गाळल्या तर बेरीज चुकते, हे त्यातून ठसले. अपूर्णता हीसुद्धा अचूकतेचीच बाब.

दुसरे उदाहरण त्याच जुन्या ‘नेब्युलियम’चे. ऑक्सिजनच्या ५००७ आणि ४९५९ या रेषा एकाच वरच्या पातळीवरून निघतात. त्यामुळे त्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर तापमान, घनता, प्रमाण यांपैकी कशावरच अवलंबून नाही. फक्त दोन दरांवर आहे. अणुगणिताची कसोटी घ्यायला निसर्गाने दिलेली इतकी स्वच्छ जागा क्वचितच मिळते. विसाव्या शतकाच्या शेवटी गणित २.८९ सांगत होते आणि दुर्बिणी तीनच्या आसपास. तफावत तीन-चार टक्क्यांची, त्यामुळे बरेच जण ती निरीक्षणांच्या खात्यावर टाकून मोकळे होत. २००० साली स्टोरी आणि झाइपेन यांनी चुंबकीय संक्रमणाच्या सूत्रात सापेक्षतेची एक लहान दुरुस्ती घातली आणि उत्तर आले २.९८. २००७ साली दिमित्रियेविच आणि सहकाऱ्यांनी सक्रिय आकाशगंगांच्या वर्णपटांतून मोजलेले गुणोत्तर निघाले २.९९३, त्यातली अनिश्चितता ०.०१४. इथे दुर्बिणीचे खरे होते.

साडेतीन की तीन?

आता सुरुवातीच्या लोखंडाकडे. सोळा इलेक्ट्रॉन गेले की त्यात दहाच उरतात, निऑनसारखे भरलेल्या कवचाचे. असा आयन वीस लाखांपासून जवळजवळ एक कोटी अंशांपर्यंतच्या तापमानात टिकून राहतो, म्हणून सूर्याच्या ज्वाळांत, ताऱ्यांच्या प्रभामंडलांत, आकाशगंगांच्या समूहांतल्या तप्त वायूत तो सर्वत्र दिसतो. त्याच्या दोन ठळक क्ष-किरण रेषा १५.०१ आणि १५.२६ अँगस्ट्रॉमवर आहेत. जाणकार त्यांना ३सी आणि ३डी म्हणतात. ३डी ही त्या दुबळ्या, उसन्या बळावरच्या रेषांपैकीच: तिच्या वरच्या पातळीत शेजारणीचा थोडा अंश मिसळतो म्हणून ती एवढी दिसते. मिश्रण जरा चुकले की गुणोत्तर हलते.

सूर्याच्या जुन्या वर्णपटांत ३सी गणिताच्या मानाने कमी उजळ दिसली. पहिले स्पष्टीकरण सरळ होते: बलवान रेषेचा प्रकाश वाटेतला वायू शोषून दुसऱ्या दिशांना विखुरतो. ते इतके पटले की या तुटीवरून वायूची जाडी काढायचेही प्रयत्न झाले. १९९८ साली लिव्हरमोरच्या आयन-सापळ्यात हे गुणोत्तर मोजले गेले. तिथे आयन इतके विरळ की विखुरण्याचा प्रश्नच नाही, तरी उत्तर आले सुमारे ३.०. पुढच्याच वर्षी चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणी अवकाशात गेल्या, आणि तारकांमागून तारकांत तीच तूट दिसू लागली.

मग संशय आला इलेक्ट्रॉनांच्या धडकांवर. सापळ्यात काय किंवा ताऱ्यात काय, आयन उत्तेजित होतो तो धडकेने, आणि धडकांचे गणित वेगळे व अवघड. काहींनी त्या गणितात अनुनादांची भर घालून प्रयोगाशी मेळ जमल्याचे सांगितले. २०१२ साली हायडलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने धडकाच वगळल्या. आयन-सापळा कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या क्ष-किरण लेसरपाशी नेऊन आयनांना थेट प्रकाशाने उत्तेजित केले. आता गुणोत्तर केवळ रेषांच्या बळावर अवलंबून होते. उत्तर २.६१, अनिश्चितता ०.२३. ‘नेचर’मधल्या त्या निबंधाने बोट ठेवले ते सरळ अणुरचनेच्या गणितावर.

यावर सैद्धांतिकांचे दोन तट पडले. लेसरच्या झोतात प्रकाश इतका तीव्र असतो की आयनाचा प्रतिसादच बदलतो, असे काही म्हणाले. दुसरे गणित वाढवत गेले. लाखो संरूपणे धरली, तरी उत्तर साडेतीनपाशीच येऊन स्थिरावत होते. या हट्टीपणाचे श्रेय द्यायला हवे. तीनच्या जवळ नेईल अशी निवड करून गणित तिथेच थांबवण्याचा मोह इथे खरा होता.

२०२० साली हायडलबर्गचा दुसरा एक सापळा हॅम्बर्गच्या पेट्रा-३ या सिंक्रोट्रॉनवर बसवला गेला. प्रकाश दहा लाख पटींनी सौम्य, त्यामुळे तीव्रतेचा आक्षेप संपला. उत्तर ३.०९. प्रयोगकर्त्यांच्याच निबंधात नवे, मोठे गणितही होते आणि दोघांत अनिश्चिततेच्या पाचपट अंतर होते. सगळ्या पळवाटा बंद झाल्या होत्या आणि गणित एकटे पडले होते.

स्टेफन कून, चिंतन शाह, होसे क्रेस्पो आणि सहकाऱ्यांनी तरीही मापन तिथे सोडले नाही. त्यांनी वर्णपटाची विभेदनक्षमता अडीचपट आणि गोंगाटाच्या तुलनेत संकेत हजारपट वाढवला, आणि रेषांच्या तळाशी काय आहे ते दिसले. कोणतीही रेषा टोकदार नसते. तिला दोन्ही बाजूंना लांबवर पसरत जाणारे फिके पंख असतात. रेषा जितकी बलवान, तितके पंख रुंद. ३सीची नैसर्गिक रुंदी सुमारे १५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ३डीची त्याच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास. आधीच्या मापनांत हे पंख पार्श्वभूमीच्या गोंगाटात मिसळून गेले होते आणि पार्श्वभूमी म्हणूनच वजा झाले होते. बलवान रेषेचा जास्त प्रकाश असा गळत राहिला आणि गुणोत्तर खाली ओढले गेले. पंख धरल्यावर मापन ३.५१ आणि गणित ३.५५. त्यांनी दोन्ही रेषांची रुंदी स्वतंत्रपणे मोजली, तीही गणिताशी जुळली. ही जुळणी वेगळ्या प्रतीची आहे, कारण आधीची मापने कशामुळे चुकली हेही ती सांगते.

अनिश्चिततेचा आकडा

‘फिजिकल रिव्ह्यू ए’च्या संपादकांनी २०११ साली लेखकांना कळवले की सैद्धांतिक निबंधांतही, जिथे प्रयोगाशी तुलना किंवा वापर अपेक्षित आहे तिथे, अनिश्चिततेचा अंदाज दिला पाहिजे. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यालाही जे पहिल्या वर्षी शिकवतात, ते गणित करणाऱ्यांना सांगावे लागले एकविसाव्या शतकात. तोवर ‘अमुक यांच्या निकालांशी चांगली जुळणी’ हे वाक्य अनिश्चिततेच्या जागी चालून जात असे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले कांती अग्रवाल यांनी आयनांची गणिते करता करता इतरांच्या कोष्टकांमधल्या विसंगती वर्षानुवर्षे दाखवून दिल्या, आणि २०१७ साली त्या विसंगतींवर एक स्वतंत्र लेखही लिहिला. एकच गणित दोन वेगळ्या संगणकीय प्रणालींनी करून पाहणे ही त्यांच्या कामातली नेहमीची रीत. ती उपयोगी आहे. टंकनाची, निवडीची, अपुऱ्या पातळ्यांची चूक तिने पकडली जाते. पण दोन्ही प्रणालींना तीच संरूपणे दिली तर दोघींची उणीव एकच असणार, आणि ती जुळणीत लपून जाणार.

किंमत किती, हे जपानच्या हितोमी दुर्बिणीने दाखवले. फेब्रुवारी २०१६मध्ये ती अवकाशात गेली आणि महिन्याभरातच निकामी झाली, पण त्याआधी तिने ययाती तारकासमूहातल्या पर्सियस आकाशगंगा-समूहाचा अभूतपूर्व वर्णपट घेतला. दोन प्रमुख अणु-संग्रह वापरून त्यातले लोखंड काढले, तर उत्तरांत १६ टक्के फरक आला. दुर्बिणीच्या स्वतःच्या सांख्यिकी चुकीच्या तो सतरा पट होता. यंत्र अणूच्या कोष्टकांपेक्षा पुढे निघून गेले होते. २०२३ साली अवकाशात गेलेल्या एक्सरिझम दुर्बिणीने ही दरी आणखी उघड केली आहे.

एक वाद अजून मिटलेला नाही. ‘ओपल’ आणि ‘ओपॅसिटी प्रोजेक्ट’ या दोन स्वतंत्र गणितांची उत्तरे सूर्याच्या अंतरंगासाठी काही टक्क्यांत जुळली, आणि ती जुळणी बराच काळ विश्वासाचे कारण मानली गेली. मग २०१५ साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात, सूर्याच्या आत ऊर्जेचे वहन जिथे बदलते तिथल्यासारख्या स्थितीत, लोखंडाची अपारदर्शकता मोजली गेली. ती गणितापेक्षा तरंगलांबीनुसार ३० ते ४०० टक्के जास्त निघाली. पुढे क्रोमियम आणि निकेल मोजले, तेव्हा तफावतीचा तोच नमुना सर्वत्र दिसला नाही. त्यामुळे एकाच साध्या चुकीवर सगळे ढकलता येत नाही.

या वेळी कोण चुकले, याचा अंदाज जुन्या प्रकरणांवरून बांधता येणार नाही. त्यांत दोन्ही बाजूंचे हरणे सारखेच आहे. गणित करणाऱ्यांनी कोणत्या रेषा गाळल्या आणि प्रयोगकर्त्यांनी पार्श्वभूमी म्हणून काय वजा केले, हे प्रश्न मात्र तिथूनच मिळतात. त्यांची उत्तरे येईपर्यंत सूर्याच्या प्रतिमानात लोखंडाची अपारदर्शकता वापरणाऱ्याने तिच्यापुढे मोठी अनिश्चितता लिहावी, आणि दोन गणिते एकमेकांशी जुळतात या कारणाने ती कमी करू नये.